भीमाकाठचे परके तांबे

दौंड तालुक्यातील राहू हे गाव भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या बेचक्यात वसले आहे. भोवतालच्या मुलखाला लोक राहूबेट म्हणतात. ऊस, गुऱ्हाळे आणि गूळ यांसाठी हे बेट प्रसिद्ध. नदी ओलांडली की शिरूर तालुका लागतो. उसाच्या फडांमधून जाणाऱ्या वाटसरूच्या मनात येत नाही, परंतु या दोन तालुक्यांच्या मातीखाली तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी झोपलेला आहे. राहूच्या शेजारी, नद्यांच्या संगमालगत असलेल्या वाळकी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्या काळातील एक लहानशी शेतवस्ती उत्खननाने उजेडात आणली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे नाव तर जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना ठाऊक आहे. १९६८ ते १९८३ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांनी तेथे पावसाळे वगळून वर्षानुवर्षे खणले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेले एक अख्खे गाव, शंभराहून अधिक घरांसह, आपल्यापुढे ठेवले.

या घरांविषयी, तेथील धान्यकोठाराविषयी आणि घराच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेल्या मुलांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. आम्हांला येथे त्याच काळातील एका लहान, हिरव्या पडलेल्या वस्तूविषयी लिहावयाचे आहे: तांब्याविषयी. आणि ते तांबे बोलते करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांविषयी.

या युगाला ताम्रपाषाणयुग म्हणतात. नावात तांब्याला अग्रमान असला तरी घरात मान दगडाचा होता. कापणे, सोलणे, तासणे ही रोजची कामे गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या चिमुकल्या पात्यांनी होत असत आणि अशी पाती उत्खननात ढिगांनी सापडतात. तांब्याचे मणी, बांगड्या, गळ, छिन्न्या मात्र मोजक्याच. कारण उघड आहे. सह्याद्रीपासून भीमेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेला आमचा काळा दगड हा ज्वालामुखीच्या लाव्हाचा थर आहे. त्याने आम्हांला काळी कसदार जमीन दिली, देवळांना व किल्ल्यांना चिरे दिले. परंतु भट्टीत घालावे असे तांब्याचे खनिज त्याच्या पोटात नाही. म्हणजे इनामगावच्या बाळाच्या गळ्यातला तांब्याचा एकेक मणी परमुलखातून आलेला होता. कोठून? पुरातत्त्वज्ञ मातीचे थर वाचू शकतो, खापरावरील नक्षी ओळखू शकतो. परंतु या प्रश्नापाशी त्याची कुदळ थांबते. तेथे रसायनशास्त्रज्ञाचे काम सुरू होते.

हे काम नवे नाही. युरेनियम या मूलद्रव्याचा शोध लावणारा बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्रीक व रोमन नाण्यांचे पृथक्करण केले होते. आपल्या देशात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९१७ साली रसायनशाखा उघडली. मोहम्मद सनाउल्ला हे तिचे पहिले रसायनशास्त्रज्ञ. मोहेंजोदडोच्या तांब्या-कांशाची जी पृथक्करणे सर जॉन मार्शल यांच्या १९३१ च्या ग्रंथात छापली गेली, त्यांमागे त्यांचे परिश्रम होते. मार्शलसाहेबांचे नाव सर्वतोमुखी झाले. सनाउल्लांचे नाव ग्रंथाच्या एका प्रकरणात राहिले. प्रयोगशाळेत बसून काम करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा हेच येते. जाता जाता एक गंमत सांगण्याजोगी आहे: पुढील काळात सर्वेक्षणात बी. बी. लाल या नावाचे दोन विद्वान होते, एक हस्तिनापूर खणणारे पुरातत्त्वज्ञ आणि दुसरे डेहराडूनच्या प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ. संदर्भ चाळणाऱ्या विद्यार्थ्यांचा त्यामुळे पुष्कळदा गोंधळ उडतो, आणि श्रेय नेहमीप्रमाणे पहिल्यांच्या खात्यावर जमा होते.

महाराष्ट्रापुरते पाहू जाता या कथेचा आरंभ संगमनेरजवळच्या जोर्वे गावी होतो. प्रवरेच्या काठी १९५०-५१ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात, तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी या वस्तू अभ्यासकांपुढे आल्या. याच गावावरून पुढे त्या संपूर्ण संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नाव मिळाले. (हे सांकलिया मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात फादर हेन्री हेरास या स्पॅनिश येशूसंघीय इतिहासकाराच्या हाताखाली तयार झाले होते, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. नालंदा विद्यापीठावरील त्यांचा प्रबंध फादर हेरास यांच्याच मार्गदर्शनाखाली लिहिला गेला.) जोर्वेच्या एका कुऱ्हाडीचे पृथक्करण झाले तेव्हा तीत १.७८ टक्के कथील आढळले.

हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु कथील म्हणजे काय, हे ज्यांनी दारात आलेल्या कल्हईवाल्याला भांड्यांना कल्हई करताना पाहिले आहे, त्यांना सांगावयास नको. तोच पांढरा मऊ धातू तांब्यात मुरला की तांबे कठीण होते, कमी उष्णतेवर वितळते आणि साच्यात नीट उतरते; त्याला आपण कांसे म्हणतो. कुऱ्हाडीला धार यावी, ती टिकावी, म्हणून शंभरात आठ-दहा भाग कथील लागते. घंटेला त्याहून जास्त, सुमारे चार भाग तांब्याला एक भाग. म्हणूनच घंटा घुमते, आणि म्हणूनच ती ठिसूळही असते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या ज्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या, त्यांपैकी एक भीमेच्या उगमाशी, भीमाशंकरला आहे. तिचा नाद ऐकणाऱ्याला कथिलाचे माप कानांनीच कळते. जोर्वेच्या कुऱ्हाडीतले दोन टक्क्यांहून कमी कथील यापुढे अगदीच अपुरे. मग ते तेथे आले कसे? कारागिराने मोजून घातले म्हणावे तर इतके थोडे का घातले? आपोआप आले म्हणावे तर तांब्याच्या खनिजात कथील सहसा इतके नसते. आमच्या मते सर्वांत संभाव्य उत्तर तेच आहे, जे आजच्या कोणत्याही तांबटाला सुचेल. ते म्हणजे मोड. कधीतरी फुटलेले कांशाचे भांडे वा मोडकी बांगडी नव्या तांब्याबरोबर मुशीत पडली असेल. जेथे धातू दूरदेशाहून येतो, तेथे त्याचा चुरादेखील कोणी फेकत नाही.

तो दूरदेश कोणता, याचा मागोवा प्रामुख्याने दोन अभ्यासकांनी घेतला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील के. टी. एम. हेगडे हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. उदयपूरजवळच्या आहाड येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील तांबे आणि धातूची मळी यांचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि तेथील लोक जवळच्या अरवलीतील खनिज स्वतः वितळवीत होते हे दाखविले. दुसरे डॉ. धर्मपाल अग्रवाल. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि नंतर अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी कार्बन-१४ ने काळ ठरविण्याचे आणि धातूंच्या पृथक्करणाचे काम केले. ‘कॉपर ब्राँझ एज इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९७१ चा. यांच्या पद्धतीचे मर्म साध्या शब्दांत सांगता येते. तांबे कितीही शुद्ध केले तरी त्यात ज्या डोंगरातून ते निघाले त्याची खूण उरते: निकेल, सोमल, शिसे, चांदी, लोह यांचे लेश, हजारात वा लाखात एखादा भाग. राहूच्या गुळाची चव आणि कोल्हापूरच्या गुळाची चव जाणत्या जिभेला वेगळी लागते, तसेच हे. त्या लेशांचा नमुना खाणीतील खनिजाशी ताडून पाहावयाचा. ताडताड करता हेगडे आणि अग्रवाल यांचा कल राजस्थानातील अरवलीच्या, विशेषतः खेत्रीच्या पट्ट्याकडे झुकला. खेत्रीपासून भीमेचा काठ सरळ रेषेतही हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. मधे चंबळ, नर्मदा, तापी, गोदावरी.

हा निवाडा अंतिम मानण्याची मात्र घाई नको. विदर्भाच्या पूर्वेस आणि बालाघाटकडे मलंजखंड येथे तांब्याचे खनिज आहे. आणि वर सांगितल्याप्रमाणे दोन ठिकाणची मोड एका मुशीत पडली की लेशांच्या खुणा एकमेकींत मिसळून जातात. रसायनशास्त्र साक्ष देते. त्या साक्षीची उलटतपासणीही करावी लागते.

पृथक्करणाबरोबर सूक्ष्मदर्शकाचेही साहाय्य असते. धातूचा लहानसा तुकडा घासून, आरशासारखा गुळगुळीत करून, सौम्य आम्लाने किंचित खाऊ दिला की त्यातील कण दिसू लागतात. ओतलेल्या धातूचे कण झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले असतात. ठोकलेल्याचे दबलेले, लांबट. आणि ठोकून पुन्हा तापविलेल्याचे कण नव्याने जुळून त्यांत सरळ जोडरेषा उमटतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिले आहे त्यांना यातले रहस्य कळेल. तांबे हातोडीखाली जसजसे पसरते तसतसे ताठ होत जाते. तसेच ठोकत राहिले तर चिरते. म्हणून तांबट ते पुन्हा भट्टीत घालून मऊ करतो, मग पुन्हा ठोकतो. ही ताप-ठोकीची विद्या इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील कारागिराला अवगत होती, याची साक्ष धातूतील ते कण देतात. उत्पत्तीच्या पुस्तकात तांब्या-लोखंडाची हत्यारे घडविणाऱ्या तुबल-काइनाचे नाव तरी राखले आहे; आमच्या घोडकाठच्या कारागिराचे नाव नाही, पण त्याच्या हातोडीचे घाव मोजता येतात.

घोडेच्याच काठी, वरच्या अंगाला चांडोली आहे. तेथील उत्खननाचा देव-अन्सारी यांचा अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे तांब्याचा एक खंजीर मिळाला, ज्याच्या मुठीला कीटकाच्या स्पर्शिकांसारखी दोन शिंगे आहेत. अशी हत्यारे गंगा-यमुनेच्या दुआबात सापडतात. पुणे जिल्ह्यात ते कसे आले हे कोडे विद्वानांना पुष्कळ दिवस पुरले आहे. परंतु चांडोलीची आम्हांला अधिक हृद्य वाटणारी वस्तू खंजीर नव्हे. ती म्हणजे तांब्याच्या मण्यांच्या भोकांत अडकून राहिलेला दोरा.

असाच दोरा त्याआधी नेवाशाला, १९५४ ते १९५६ या काळातील उत्खननात, एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत मिळाला होता. आपल्या हवामानात सुताचा धागा तीन हजार वर्षे टिकत नाही. वाळवी, बुरशी आणि पावसाळा यांच्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. पण तांबे मातीत गंजते तेव्हा जे हिरवे क्षार सुटतात ते सूक्ष्म जीवांना विषासारखे असतात. ज्या क्षारांनी मणी खाल्ले त्यांनीच दोरा राखला. हे दोरे ए. एन. गुलाटी यांनी तपासले. यांनीच पूर्वी मुंबईतील माटुंग्याच्या कापूस तंत्र प्रयोगशाळेत, टर्नर यांच्यासमवेत, मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले कापसाचे वस्त्र ओळखले होते. नेवाशाच्या दोऱ्यात त्यांना रेशीम आणि कापूस आढळला. चांडोलीच्या दोऱ्यात जवसाचा तंतू. ज्वारीची भाकरही अजून ज्यांच्या ताटात रुळली नव्हती, अशा लोकांनी आपल्या मेलेल्या लेकराच्या गळ्यात परमुलखातले तांबे रेशमाच्या दोऱ्यात ओवून घातले होते. हिरवट गंजाचा तो खडा कोणी ‘स्वच्छ’ केला असता तर आपणांस यातले काहीच कळले नसते.

आता दायमाबादकडे वळू. कारण रसायनशास्त्राचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वेळी दिसतात. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, १९७४ साली जळणासाठी झाडाचे खोड उकरणाऱ्या एका भिल्ल गृहस्थाच्या हाती कांशाची चार शिल्पे लागली: दोन बैलांचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. रथ ४५ सेंटिमीटर लांब. गेंडा १९ सेंटिमीटर उंच, चाकांवर उभा. जोर्वेच्या चिमूटभर तांब्याच्या पार्श्वभूमीवर ही श्रीमंती डोळे दिपविणारी होती. म. ना. देशपांडे, एस. आर. राव आणि तेथे १९७५ ते १९७९ उत्खनन करणारे सु. अ. साळी यांनी ती उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली. डॉ. अग्रवाल यांनी पृथक्करण पाहिले आणि प्रश्न उभा केला: या शिल्पांत सोमलाचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, आपल्याकडील इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत सोमल असा मिसळलेला आढळत नाही, तेव्हा ही शिल्पे बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातील असू शकतील.

आता विचार करावा. सोमलमिश्रित तांबे महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगात नाही हे खरे. पण सिंधू संस्कृतीच्या नगरांत ते आहे, सनाउल्लांच्या काळापासून ते माहीत आहे. म्हणजे त्याच एका टक्क्याच्या बळावर एक पक्ष म्हणतो, ‘हे येथल्या प्राचीनांचे नव्हे’, आणि दुसरा पक्ष म्हणू शकतो, ‘म्हणूनच ते हडप्पाचे’. आकडा एकच, प्रयोगशाळेने तो अचूक काढला, तरी वाद मिटत नाही. याचे कारण रसायनशास्त्रात नसून जमिनीत आहे. शिल्पे पुरातत्त्वज्ञाच्या हातून, थरातून, खापरांच्या व कोळशाच्या सोबतीने निघाली असती तर कोळशाने काळ सांगितला असता आणि सोमलाने वंश. ती एकाकी निघाली. ज्याने ती काढली त्याला दोष देण्याचे कारण नाही. तो जळण शोधीत होता, आणि त्याने ती वितळविली नाहीत हेच आपले भाग्य. आमचा कल साळी-देशपांडे यांच्याकडे आहे. परंतु तो कल शिल्पांच्या घडणीमुळे आहे, सोमलामुळे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

याउलट सोबत शाबूत असली की काय साधते याचे उदाहरण नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे मिळते. तेथे १९७८ ते १९८० या काळात डॉ. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. धातू तांबे नव्हे, लोखंड; पण धडा तोच. डेक्कन कॉलेजातील रसायनशास्त्रज्ञ डॉ. विश्वास गोगटे यांनी खनिज, मळी आणि तयार लोखंड अशा तिन्ही टोकांचे पृथक्करण करून ती भट्टी किती कार्यक्षम होती याचा हिशेब मांडला. कितीही सुंदर अशा एकट्या वस्तूवरून तो मांडता आला नसता. त्यासाठी कोणी उचलून नेले नसते असे काळे, ओबडधोबड मळीचे खडे लागले.

येथेच राहूबेटाकडे परत यावे लागते. नदीकाठच्या प्रत्येक जुन्या गावाला एक ‘पांढरी’ असते: शतकानुशतकांची राख, शेण, हाडे आणि पडलेल्या भिंती यांनी बनलेले भुरकट मातीचे टेकाड. ही माती खताच्या गुणाची असते हे शेतकऱ्याला चांगले माहीत आहे, आणि रसायनशास्त्रही तेच सांगेल. राखेत आणि हाडांत पिकाला लागणारी द्रव्ये असतात. म्हणून पांढरी गाडीगाडीने शेतात गेली. पुढे ऊस आला, पाणी आले, जमीन सपाट करणारी यंत्रे आली, आणि जे बैलगाडीने शंभर वर्षांत झाले नसते ते एका उन्हाळ्यात होऊ लागले. या मातीतून निघालेली तांब्याची वस्तू प्रथम चिंचेने घासली जाते. आमच्या आयाबहिणी सणाला तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासतात तशी. चिंचेतील आम्ल हिरवा थर विरघळवून टाकते, वस्तू लखलखते, आणि त्या थराबरोबर दोरा, धान्याचा ठसा, कापडाची वीण, जे काही तेथे चिकटून होते ते मोरीतून वाहून जाते. त्यानंतर वस्तू मोडीच्या तागडीत पडते.

आजच्या प्रयोगशाळांना पूर्वीप्रमाणे वस्तूला भोक पाडून भुकटी काढावी लागतेच असे नाही. क्ष-किरणांच्या साहाय्याने वस्तूला धक्का न लावता तिच्या पृष्ठभागातील धातूंचे प्रमाण कळते, आणि शिशाच्या समस्थानिकांवरून खाणीचा माग पूर्वीपेक्षा पुष्कळ नेमका लागतो. जोर्वे, चांडोली, इनामगाव यांच्या तांब्याला विचारावयाचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. वाळकीसारख्या लहान वस्त्यांपर्यंत हा धातू किती आणि कसा झिरपत होता, हा त्यांतलाच एक.

कायद्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम असा आहे की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू ज्याला सापडेल त्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे. ‘सरकार घेऊन टाकील’ या भीतीने लोक कळवीत नाहीत. वस्तुतः त्या कायद्यात सापडविणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्सा सांगितलेला आहे, आणि सरकारने वस्तू ठेवून घेतली तर मोबदलाही. मात्र तो मोबदला ज्या मापाने मोजावयाचा ते माप असे: वस्तूत जो धातू असेल त्याची किंमत, आणि वर तिचा एकपंचमांश.